कंसातली वहिनी

बाई,
मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, वय 27. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. पाळी सुटली की नाटक. गावच्या मंडळासाठी चाळीस मिनिटांची एकांकिका लिहिली. नवऱ्यामागं जमीन म्हातारीच्या नावावर होते, पण उतारा येतो कन्नडमध्ये. त्यात आपलं नाव कुठं आहे तेच तिला दिसत नाही. तलाठी हाकलून देतो आणि शेवटी ती भर कचेरीत उतारा टराटरा फाडते. गावातल्या प्रयोगाला टाळ्या, शिट्ट्या, घोषणा. मग स्पर्धेला नेली. तिथं परीक्षक म्हणाले, 'हा प्रचार झाला, नाटक नव्हे. राजकारण बाजूला ठेवा, माणसाबद्दल लिहा.' मंडळातले जाणते म्हणतात, त्याला काय कळतंय आपलं दुखणं? उलट शेवटाला 'झालाच पाहिजे'ची घोषणा आणि भगवा घे. (हसण्यासारखं म्हणजे आमच्या घरी आजीचा उतारा वहिनीच वाचून दाखवते. ती बैलहोंगलकडची, माहेर कन्नड. तालमीला आली होती, तलाठ्याच्या प्रवेशाला हसली. का ते विचारलं तर बोलली नाही.) राजकीय म्हणणं मांडायला लिहिलेलं नाटक हे खरं नाटक असतं का, एवढंच सांगा. नाहीतर सरळ प्रेमकथा लिहितो.
— एक नाटकवाला

बाळा, वयानं मी तुझ्या आईच्या बाजूची, म्हणून अरे-तुरे करते. चालवून घे.

आधी परीक्षकांचं. 'राजकारण बाजूला ठेवा, माणसाबद्दल लिहा.' तुझ्या म्हातारीच्या हातातल्या कागदावरचं राजकारण बाजूला ठेवलं तर तिच्या हातात उरतं काय? कोरा कागद. उतारा ही काय माणसाच्या बाहेरची गोष्ट आहे? तो ट्रंकेत साडीच्या घडीखाली ठेवलेला असतो, पावसाळ्यात उन्हं दाखवायला बाहेर काढतात. फडके-खांडेकरांपासून आपल्याकडं 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद चालत आलाय. नोकरीत असताना त्यावरची दहा-दहा मार्कांची उत्तरं मी गठ्ठ्यांनी तपासली. त्यातल्या एकाही उत्तराचा मला एक प्रवेश लिहायलासुद्धा उपयोग झाला नाही.

आणि हे असलं वाक्य निदान बेळगावच्या माणसाला तरी ऐकवू नये. 1946 साली मराठी साहित्य संमेलन इथंच भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला जोर चढला तो त्या मांडवातून. साहित्यिकांनी राजकारण बाजूला ठेवायचं ठरवलं असतं तर पुढची निम्मी गोष्ट घडलीच नसती. त्याच्याही आधी, 1924 ला, टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. तिथं एक कन्नड गीत गायलं गेलं, हुईलगोळ नारायणरावांचं. सुंदर कन्नड नाडू उदयाला येवो, असा त्याचा भाव. कन्नड मुलूख तेव्हा चार-पाच कारभारांत वाटला गेला होता आणि तो एक व्हावा ही मागणी त्या गाण्यात होती. गाणाऱ्या मुलींत गंगूबाई हनगल होत्या, अकरा वर्षांच्या. म्हणजे बघ, दोन्ही भाषांची एकीकरणाची हाक एकाच गावानं ऐकली, बावीस वर्षांच्या अंतरानं. आपल्याकडं कन्नडची सांगत नाहीत, पलीकडं मराठीची सांगत नाहीत. तू नाटकवाला आहेस, तुला दोन्ही ठाऊक असलेल्या बऱ्या.

आता ह्याच गावात इंदिरा संतही राहिल्या. आयुष्य इथंच काढलं, 1984 ला 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी मिळाली. त्यांच्या कवितेचं नाव काढलं की आठवतो तो एका बाईचा एकटेपणा, मोर्चा नव्हे. म्हणून त्यांना कोणी कमी लेखावं काय? तेव्हा सीमाभागात जन्मला म्हणून सीमेवरच लिहायला पाहिजे असं काही नाही. प्रेमकथा सुचली तर लिही की. पण परीक्षकाला भिऊन लिहायला बसशील तर तिच्यात प्रेम कमी आणि परीक्षकच जास्त येईल.

तुझ्या मुख्य प्रश्नाला माझं उत्तर 'होय' आहे. खरं असतं. फक्त कधी कधी.

'कीचकवध' घे. खाडिलकरांचं नाटक, 1907 चं. कर्झनशाहीच्या संतापात लिहिलेलं, हेतूबद्दल कुणालाच शंका नव्हती. सरकारलाही नव्हती, म्हणून तर 1910 ला बंदी आली. पण रंगमंचावर इंग्रजांचं नावसुद्धा नाही. दरबारात द्रौपदीची अब्रू जाते आहे आणि मोठमोठी माणसं माना खाली घालून बसली आहेत, एवढंच. कीचक म्हणजे कोण आणि कंकभट होऊन गप्प बसलेला धर्मराज म्हणजे कोण, ते पिटातला प्रेक्षक आपल्या आपण जुळवत होता. कर्झन गेला, त्याचं राज्यही गेलं, आणि माना खाली घालून बसलेली माणसं मात्र मला परवाच एका लग्नाच्या हॉलमध्ये दिसली.

आणि आपल्या जिव्हाळ्याचं म्हणजे अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना'. तुमच्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात लागत असणार. पुढच्या वेळी लागली की जरा निराळ्या कानानं ऐक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी रचलेली छक्कड, लिहिणारा लाल बावट्याचा, सभेत माणसं पेटवायची म्हणून लिहिलेली. हिच्याइतकी प्रचारकी चीज शोधून सापडायची नाही. पण सुरुवात कशी होते? मुंबईला पोटासाठी निघालेला एक गडी आणि गावाकडं राहिलेली त्याची बायको. आधी तिचा रंग, तिचा बांधा, मग भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून ती त्याला घालवायला येते. मग दागिन्यांची बोलणी, मग मुंबईचा झगमगाट आणि त्यात ह्या गड्याची झालेली काहिली. बेळगाव आणि कारवार ही नावं येतात अगदी शेवटाकडं, जशी मैना तुटली तसाच हा मुलूख तुटला म्हणून. तोवर ऐकणाऱ्याच्या छातीत मैना शिरलेली असते, त्यामुळं मुलूख आपोआप शिरतो. तू फाउंड्रीतला, तुला हे मी काय सांगणार? रस पुरता तापला नसताना ओतला की साच्यात अर्ध्या वाटेवर थिजतो आणि माल रिजेक्ट होतो. अण्णाभाऊंनी आधी भट्टी लावली. (शेवटच्या भागातल्या काही ओळी आज नुसत्या घोषणा वाटतात, हेही कबूल करते. असू देत. इतका वेळ रडवल्यावर माणसाला थोडं ओरडायचा हक्क असतो.)

आणि प्रचार म्हणजे काही शिवी नव्हे. मोर्चात म्हणायचं गाणं पाय एका ठेक्यात पडावेत म्हणून असतं, तेवढं झालं की त्याचं काम झालं. फुंकणीवर कोणी भूप वाजवत नाही म्हणून फुंकणी कमअस्सल ठरत नाही, तिनं चूल पेटवावी. तुझ्या मंडळाला 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनासाठी पाच मिनिटांचं काही हवं असेल तर बेधडक लिहून दे, त्यात कला-बिला शोधत बसू नकोस. घोटाळा होतो तो फुंकणीच बासरी म्हणून स्पर्धेला नेली की.

पण तुझी अडचण मला वेगळीच दिसते, आणि ती आपल्या भागातली खास आहे. इथं ह्या विषयावरची टाळी आधीच ठरलेली असते. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासूनचं हे दुखणं, सत्तरीला आलं. सुप्रीम कोर्टात 2004 पासून महाराष्ट्राचा दावा पडून. पडदा वर जायच्या आधी माणसं टाळीसाठी हात मोकळे करून बसलेली असतात. तुझी म्हातारी लंगडत आली काय आणि उडी मारून आली काय, उतारा म्हटलं की टाळी. ती म्हातारीला नव्हती रे, 1956 ला होती. त्यामुळं झालं काय, नाटक चांगलं झालं की नाही हे कळायची सोयच राहिली नाही तुला. मुंबईतल्या नाटकवाल्यावर निदान ही आपत्ती नाही, त्याला प्रेक्षक फुकटात टाळी देत नाहीत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या अंगावर आलेलं आहे.

1986 ला कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, शाळेत मास्तरीण. रागानं एका रात्रीत पथनाट्य लिहिलं. एक विधवा मराठीत अर्ज घेऊन कचेरीत जाते, कारकून तो तिच्या तोंडावर फेकतो. त्याला एकच वाक्य होतं: 'कन्नडदाग बरकोंड बर्री.' कन्नडमध्ये लिहून आणा. आमचा मुलगा ते असा गुरकावून म्हणायचा की पोरं खडे मारायची. शेवटी विधवा अर्ज उचलून कारकुनाच्या टेबलावर आपटायची आणि म्हणायची ते भाषण मला अजून पाठ आहे. गावोगाव टाळ्या.

तिसऱ्या की चौथ्या गावात आमचा कारकून तापानं फणफणला. तिथल्या मंडळानं एक बदली माणूस दिला. चाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. तालमीला वेळ नव्हता. म्हणाला, 'एकच वाक्य आहे नव्हं? येतंय मला.'

प्रयोगात तो गुरकावला नाही. विधवेनं अर्ज ठेवला, त्यानं वरपासून खालपर्यंत सगळा वाचला. मग पेनाच्या मागच्या टोकानं तो हळूच तिच्याकडं सरकवला आणि खाली बघतच म्हणाला, 'कन्नडदाग बरकोंड बर्री.' कुणी खडा मारला नाही. आमची विधवा भाषणच विसरली. मागून मी शब्द पुरवले, पण त्यात काही जीव आला नाही.

मग चहा पिताना तो मला म्हणाला, 'बाई, मी कचेरीतच असतो. दिवसाला दहा-बारा अर्ज असे परत करतो. करायला लागतात. आमच्या आईला अजून कन्नड बोलता येत नाही.' बशीतला चहा संपवून पुढं म्हणाला, 'जेवणाच्या सुट्टीत कोण म्हातारं झाडाखाली बसलेलं दिसलं तर मीच लिहून देतो, कन्नडमध्ये. दुपारी मीच तो घेतो आणि शिक्का मारतो. अक्षर माझंच, मला काय वाचायला लागत नाही.'

सकाळी परत करायचा आणि दुपारी त्याच अर्जावर स्वतःच्या अक्षरापुढं शिक्का मारायचा. कन्नडसक्ती म्हणजे काय हे एवढ्यात आलं होतं, माझ्या भाषणाच्या दहापट. त्यात शत्रू नव्हता असं नाही. शत्रू कुठवर शिरलाय ते दिसत होतं, मराठी माणसाच्या पेनात.

आणि मी काय केलं? आमचा मुलगा बरा झाल्यावर त्याला परत उभा केला. कारण त्या माणसाच्या कारकुनाला टाळी मिळत नव्हती.

आता तुझा कंस.

पत्रात तू वहिनीला कंसात घातलंस, वर 'हसण्यासारखं' म्हणालास. बाळा, तुझं नाटक त्या कंसात आहे, बाहेर जे चाळीस मिनिटं चाललंय ते 1956 चं आहे. रंगमंचावरची म्हातारी उतारा फाडते. फाडून होतं काय? 'भूमी'ची योजना आल्यापासून उतारा संगणकात आहे, पैसे भरले की दुसरा निघतो. तुझ्या प्रेक्षकांतल्या प्रत्येक शेतकऱ्याला हे ठाऊक, तरी टाळी पडली, कारण ते फाडणं ही घोषणाच होती, तोंडाऐवजी हातानं दिलेली.

तुझ्या घरातली आजी उतारा फाडत नाही. ती तो वहिनीपुढं धरते. मला तिथं बसव. वहिनी काय वाचते? सर्व्हे नंबर, मग एकर-गुंठे, मग आजोबांचं नाव कमी होऊन आलेलं आजीचं नाव आणि त्याला जोडलेलं 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. बैलहोंगलची सून ते आपल्या हेल काढलेल्या मराठीत समजावून सांगते. आजी विचारते, 'माझं नाव खरंच लिवलंय न्हवं?' वहिनी बोट ठेवून दाखवते. आजी त्या जागेवरून बोट फिरवते. अक्षर कळत नाही, पण जागा पाठ झाली आहे. आणि वहिनीचं स्वतःचं नाव त्या कागदावर कुठंच नाही, कन्नडमध्येही नाही आणि मराठीत असतं तर मराठीतही नसतं.

(हा प्रवेश मी माझ्या मनानं रंगवला. खरं काय होतं ते तुला ठाऊक. बसून बघ आणि लिही.)

मंडळातले म्हणतील, असं दाखवलं तर आपली बाजू पडते. कन्नड सून एवढी चांगली तर भांडण कसलं? त्यांना सांग, पडत नाही. आजीला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचायला नातसुनेची भाजी निवडून होईपर्यंत थांबायला लागतं. उद्या नातसून माहेरी गेली की तो कागद परत मुका. दुसऱ्याच्या भलेपणावर चालणारा हक्क हा हक्क नसतो, हे म्हातारीच्या नुसत्या थांबण्यात दिसेल. ह्यापेक्षा जहाल तू काय लिहिणार आहेस?

तलाठ्यालाही एक वाक्य दे. खरं असलं पाहिजे आणि तुला ते आवडता कामा नये. माझ्या कारकुनाला मी असलं वाक्य दिलं नाही, त्याची आठवण ठेवून दे म्हण हवं तर.

परीक्षकांना वास बरोबर आला होता, भांडं चुकीचं दाखवलं. नासलंय ते राजकारण नव्हे. तुला शेवट आधीच माहीत होता आणि म्हातारीला तू तिथवर ओढत नेलीस, ते नासलंय.

मंडळातल्या जाणत्यांना मात्र असंतसं उडवून लावू नकोस. त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, आपण त्यावर नाटकं लिहितो. घोषणा हवीच असेल तर पडदा पडल्यावर सगळ्यांनी मिळून द्या, प्रेक्षकांसकट, 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह' अगदी पुरी. म्हातारीच्या तोंडी घालू नका, तिला श्वास पुरायचा नाही. आणि त्यांच्यातल्या एखाद्याला निवांत गाठून विचार: मार खाऊन घरी आलात त्या रात्री घरात कोण काय बोललं? मोर्चाचं ते शंभरदा सांगतील. त्या रात्रीचं बहुतेक कुणी विचारलेलंच नसेल. मिळालं तर तुझं पुढचं नाटक तेच.

फितूरही म्हणतील तुला कदाचित. मला कुणी म्हणालं नाही, कारण मी तो प्रवेश लिहिलाच नाही.

राहता राहिलं वहिनीचं हसू. माझा अंदाज असा की तुझा तलाठी सिनेमातलं, बेंगळुरूकडचं कन्नड बोलतोय. आपल्याकडचा तलाठी असं बोलत नाही आणि बैलहोंगलच्या बाईला ते पहिल्या वाक्यात कळणार. दिरापुढं ती बोलली नसेल, त्यात लेखक दीर. तेव्हा पुढच्या सुट्टीला वही घेऊन तिच्यापुढं बस, तलाठ्याची सगळी वाक्यं वाचून दाखव आणि ती सांगेल तशी बदल. ती बोलती झाली की मग उताऱ्याचं विचार.

दुसरा खर्डा झाला की मला धाड. वहिनी काय म्हणाली तेही लिही, आणि ह्या वेळी कंसाशिवाय.